खालच्या वाड्याला विचारलं का?

गोव्यात गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्र वाचण्याची पद्धतच बदलली आहे. मथळे नंतर, आधी सर्व्हे नंबर. राजपत्रात जमिनीच्या रूपांतराच्या अधिसूचना निघाल्या की त्यांच्या याद्या छापून येतात. तालुका, गाव, सर्व्हे नंबर, उपविभाग, चौरस मीटर, आधी कुठला विभाग होता आणि आता कुठला झाला. भातशेती होती, वस्ती झाली. बागायत होती, वस्ती झाली. आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, लोक आधी आपल्या गावाचं नाव शोधतात, मग नंबर पाहतात, आणि हा तुकडा नेमका कुठला यावर बोलणं सुरू होतं. "अरे, तो काजूंचा उतार, देवळामागचा." मग कुणीतरी विचारतंच, तिथून खाली येणारा व्हाळ, म्हणजे ओढा, कुणाकुणाच्या दारावरून जातो?

यादीत या प्रश्नाला रकाना नाही. गोव्यातल्या जमिनीच्या साऱ्या भांडणाचं मूळ मला या नसलेल्या रकान्यात दिसतं.

फोंडा तालुक्यातली आमच्यासारखी गावं वरून खाली वसलेली आहेत. माथ्यावर जांभ्या दगडाचा सडा. तिथे पावसात गवत आणि चिमुकली फुलं उगवतात, उन्हाळ्यात मात्र तो उजाड दिसतो, म्हणून शहरातून आलेल्या माणसाला ती पडीक जमीन वाटते. सड्याखाली काजूंचा उतार, उताराच्या पायथ्याशी झर, झरीखाली कुळागरं. माड, पोफळी, केळी, त्यांवर चढलेल्या मिरवेली. त्याखाली शेतं, तीही तीन तऱ्हांची : उंचावरची मोरड, मधली खेर आणि अगदी खाली, खाडीच्या भरती-ओहोटीच्या पातळीतली खाजन. मग बांध, आणि बांधापलीकडे जुवारी नदी.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत कोसळतो. जांभा सच्छिद्र असतो. सडा ते पाणी पिऊन घेतो आणि सावकाश खाली सोडतो, म्हणून एप्रिलमध्येही झर वाहते आणि विहिरीला पाणी असतं. सडा खोदून त्यावर काँक्रीट ओतलं की दोन गोष्टी होतात. जुलैत पाणी एकदम खाली येतं आणि एप्रिलमध्ये येतच नाही. वर राहणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. त्याच्या अंगणात चिखल नसतो आणि त्याच्या टाकीत टँकरचं पाणी असतं. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, सडा एकाचा, कुळागर दुसऱ्याचं, शेत तिसऱ्याचं अशी नावं असतात. पाण्यासाठी हे सगळं एकच आहे.

माझ्या आजोळी कुळागरात पाटाच्या पाण्याची पाळी ठरलेली असे. पाट वरच्या बागेतून खाली येई, पण म्हणून वरच्याने हवं तितकं घ्यावं असं नव्हतं. रात्री कंदील घेऊन मामा पाट फोडायला जात, कारण त्यांची पाळी रात्रीची. शेवटच्या बागेत पाणी पोचलं नाही तर दुसऱ्या दिवशी देवळाच्या चौकात जाहीर भांडण होई, आणि त्या भांडणात बाकीच्यांना बाजू घ्यावीच लागे. गप्प बसण्याची सोय नव्हती. आज रात्री-अपरात्री पाट फोडायला कुणी जात नाही, पंप आले. त्या काळाचं मला फार कौतुक करायचं नाही. पण वरच्याच्या पाण्यात खालच्याचा वाटा आहे हे तिथल्या प्रत्येकाला मान्य होतं, आणि आज नेमकं तेवढंच अमान्य आहे.

खाजनांची गोष्ट याहून मोठी आहे. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी ती थोडी सविस्तर सांगते. मांडवी-जुवारीच्या काठची हजारो हेक्टर जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. चिखल, पेंढा, जांभा दगड यांचे बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी ती खाऱ्या पाण्यातून सोडवली. बांधात जागोजागी मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने दारं मिटतात, ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. आत शिरलेल्या पाण्याला सामावून घ्यायला पोंय, म्हणजे आतलं तळं. पावसाळ्यात खारं पाणी सोसणारा कोरगुट भात, मानशीवर मासे आणि कोळंबी, काही ठिकाणी उन्हाळ्यात मीठ. एकाच जमिनीतून तीन वेगळ्या लोकांची पोटं.

या तिघांचे हितसंबंध जुळत नाहीत हे महत्त्वाचं. मासे धरणाऱ्याला खारं पाणी आत हवं, भात लावणाऱ्याला ते बाहेर हवं. हा झगडा रोजचा होता आणि तो सोडवायला एक संस्था होती : गावकारी, पोर्तुगीजांच्या भाषेत कोमुनिदाद. मानशीवरच्या मासेमारीची पावणी म्हणजे लिलाव गावकारी करी. शेतंही ठरावीक वर्षांसाठी पावणीवर दिली जात. येणाऱ्या पैशातून बांधाची डागडुजी, देवळाचा खर्च, गावातल्या सेवेकऱ्यांचा वाटा, आणि उरलेल्यातून गावकारांना जोण, म्हणजे वर्षाचा वाटा. पोर्तुगीज येण्याआधीपासून हे चालत आलं होतं. आफोंसो मेशिया या पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने १५२६ साली या रीतीभाती लिहून काढून त्यांना कायदेशीर मान्यता दिली, इतकंच. आजही गोव्यात दोनशेच्या वर कोमुनिदादी आहेत आणि त्यांचा कारभार १९६१ च्या संहितेनुसार चालतो.

सामायिक मालमत्ता म्हणजे बेवारस मालमत्ता, ज्याला जितकं ओरबाडता येईल तितकं तो ओरबाडणारच, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एका गाजलेल्या निबंधात मांडलं. पुढे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरचे कालवे, कुरणं आणि मासेमारीची गावं अभ्यासून दाखवलं की नियम लोकांनी स्वतः ठरवलेले असतील, देखरेख त्यांचीच असेल आणि भांडण मिटवायची जागा जवळ असेल, तर सामायिक गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. त्यासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर दुर्भाट-आडपईकडचे बांध होते.

पण गावकारीच्या बैठकीत बसत कोण होतं? गावकार. म्हणजे मूळ वसाहतकऱ्यांचे वंशज, आणि त्यांतले पुरुष. जोण बाप्याला. बाई त्याच गावात जन्मली, त्याच चिखलात गुडघाभर उभी राहून तिने लावणी केली, तरी तिचं नाव वहीत नाही. बांधावर चिखल टाकणारा बाहेरचा, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर झोपडी बांधून राहणारा मुंडकार बाहेरचा. बांध फुटला तर सर्वांत आधी ज्याच्या झोपडीत पाणी शिरे, त्याला बांधाच्या खर्चावर बोलायचा अधिकार नव्हता. म्हणून 'गावकारी परत आणा' अशी हाक ऐकली की माझं मन पुढे जात नाही. १९६४ चा कुळकायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा आला नसता, तर आमच्या वाड्यावरच्या निम्म्या घरांना आज स्वतःचं छप्पर म्हणता आलं नसतं. कुळकायद्यानंतर जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला, पण बांधाची जबाबदारी नव्या कुळसंघांवर आली आणि बऱ्याच ठिकाणी ती कुणाचीच उरली नाही. पावणी घेणाऱ्याने मासळीच्या लोभाने मानस उघडी ठेवली, बांध खचला, शेतात खारं पाणी शिरलं, तिथे खारफुटी उगवली. मग पडीक जमीन म्हणून भराव. हा क्रम गोव्यात कुठल्याही खाडीकाठी जाऊन पाहता येतो.

जुन्या व्यवस्थेला सगळं एकत्र पाहण्याची नजर होती, पण दार अरुंद होतं. नवीन व्यवस्थेने दार रुंद केलं आणि ती नजर घालवली.

यावर उतारा सापडतोय असं एकदाच वाटलं होतं. २००६ साली प्रादेशिक आराखडा २०११, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा राज्याचा नकाशा, जाहीर झाला आणि त्यात डोंगर, शेतं, समुद्रकाठ यांचे मोठे पट्टे वस्तीच्या रंगात रंगवलेले लोकांनी पाहिले. गोवा बचाव अभियान उभं राहिलं आणि २००७ च्या सुरुवातीला सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. मग पुढच्या, म्हणजे २०२१ च्या आराखड्यासाठी कृतिदल नेमलं गेलं. त्यात वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया होते. गावागावांत नकाशे पाठवून पंचायतींकडून आणि ग्रामसभांकडून दुरुस्त्या मागवल्या गेल्या.

आमच्या पंचायतीच्या सभागृहात तो नकाशा भिंतीला लावला होता. पहिल्यांदा कुणालाच काही कळेना. मग एका पोराने देऊळ शोधलं, मग शाळा, आणि पाहता पाहता सगळं गाव भिंतीला चिकटलं. ही झर दाखवलेली नाही. हा रस्ता आहे म्हणतात, पण तो पाट आहे. ही स्मशानाची वाट. एक वयस्क बाई मागे खुर्चीवर बसून होती. सड्यावर वस्तीचा रंग कसा आला यावर वरच्या वाड्याचे आणि खालच्या वाड्याचे लोक हमरीतुमरीवर आले तेव्हा ती बसल्या जागेवरून म्हणाली, "आनी उदक खंय वतलें?" पाणी जाणार कुठे, तेवढं सांगा. अभियंता, सरपंच, भाटकार कुणीही उत्तर दिलं नाही, पण त्यानंतर चर्चा वेगळी झाली. लोक नकाशावर बोटाने पाण्याच्या वाटा काढू लागले. नगरनियोजन यालाच म्हणतात असं मी आजही मानते. त्या दुरुस्त्यांपैकी सगळ्या स्वीकारल्या गेल्या नाहीत, काहींचं काय झालं तेही कळलं नाही, आणि पुढे तो आराखडाच बरीच वर्षं लटकत राहिला. पण सगळ्या गावाने एकत्र उभं राहून आपलं गाव पाहिलं होतं.

त्यानंतर कायद्याने जी वाट धरली ती नेमकी उलट. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) हे कलम आलं. आराखड्यात अनवधानाने राहिलेल्या चुका दुरुस्त करण्यासाठी, असं त्याचं कारण दिलं गेलं. प्रत्यक्षात मालकाने अर्ज करायचा आणि त्याच्या एकट्याच्या तुकड्याचा रंग बदलायचा. शेजाऱ्याला विचारणं नाही, ग्रामसभेला विचारणं नाही. गोवा फाउंडेशन, खाजन सोसायटी आणि गोवा बचाव अभियान न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द ठरवले. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. तोवर २०२४ साली ३९-अ हे आणखी एक कलम आलेलं होतं. त्यात लोकांच्या सूचनांसाठी ३० दिवसांची मुदत आहे. पण सूचना निघते सर्व्हे नंबरच्या नावाने. खालच्या वाड्यावर राहणाऱ्याला वरच्या सड्याचा सर्व्हे नंबर पाठ नसतो. आपल्या विहिरीविषयीची सूचना निघाली आहे हे त्याला कळणार कसं?

इथे एक बाजू मला डावलायची नाही. रूपांतराचा प्रत्येक अर्ज बंगल्यांच्या वसाहतीसाठी नसतो. माझ्या ओळखीच्या एका घरात तीन भाऊ, दोन खोल्या आणि वडिलांनी कुळाच्या हक्काने मिळवलेला शेताचा एक तुकडा. तिथे घर बांधता येत नाही, आणि वस्तीच्या विभागातला भूखंड घ्यायचा तर भाव दिल्ली-मुंबईच्या गिऱ्हाइकाने ठरवलेला. अशा माणसाला 'शेत वाचवा' म्हणणं सोपं आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या पाच घरांमागे जवळपास एक घर रिकामं आढळलं होतं. घरं बांधली जाताहेत, पण ज्याला राहायचंय त्याच्यासाठी नव्हे. गावात जन्मून गावातच राहणाऱ्याला दीडशे चौरस मीटरचं घर बांधायला सरळ, स्वस्त वाट असायला हवी, आणि डोंगर कापून तलावासकट वीस बंगले बांधणाऱ्याला ती वाट बंद असायला हवी. आज दोघंही एकाच रांगेत उभे आहेत आणि रांगेत पुढे कोण सरकतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

शहरातही उतार तोच आहे. पणजी हे शहरच दलदल आणि खाजनं बुजवून उभं राहिलं, १८४३ मध्ये राजधानी झालं. शेजारचं ताळगाव वांग्यांसाठी आणि भातासाठी नावाजलेलं. ताळगावच्या शेतांतून निघणारा सांतिनेजचा ओढा मांडवीला मिळतो. शेतं भरली, इमारती आल्या, ओढ्याला सांडपाणी मिळालं. आता भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की अठरा जून रस्त्यावर गुडघाभर पाणी. दुकानदाराचा माल भिजतो, बातमी होते. ओढ्याच्या काठी कामराभाटसारख्या वस्त्यांत राहणाऱ्यांच्या भिजलेल्या तांदळाची बातमी कमीच होते.

आणि मग कुर्डी. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः येऊन या धरणाने सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल असं सांगितलं होतं, असं तिथले लोक आठवतात. ते खोटं नव्हतं. दक्षिण गोव्याच्या बहुतेक भागाला आज साळावलीचं पाणी जातं. सुमारे तीन हजार माणसं उठली, वाडे आणि वालकिणी या गावांत जाऊन राहिली. दर मे महिन्यात पाणी ओसरलं की कुर्डीच्या भिंती, देवळाचं जोतं, मेलेल्या झाडांचे बुंधे वर येतात. लोक परत जातात. सोमेश्वराच्या देवळात उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलात, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, फेस्त साजरं करतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात. मला त्या फोटोंपेक्षा वाडे गावाची गोष्ट जास्त डाचते. ज्यांनी धरणासाठी गाव दिलं त्यांनीच अनेक वर्षं तक्रार केली की कबूल केलेलं पाणी आपल्यापर्यंत पोचलं नाही, एप्रिल-मे महिन्यांत आपल्या विहिरी आटतात आणि टँकरची वाट पाहावी लागते.

गोवा हे ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला नळजोडणी देणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं आणि २०२१ साली सरकारने घरगुती ग्राहकांना महिना १६,००० लिटर पाणी मोफत जाहीर केलं. दोन्ही गोष्टींचा मला आनंद झाला होता. पण मोफत पाणी ज्याच्या नळाला पाणी आहे त्यालाच मिळतं. ज्याचा नळ मार्चपासून सुसकारे टाकतो तो पैसे मोजून टँकर आणतो. सर्वांना सारखं देणं आणि न्याय्य देणं यांत हे अंतर आहे, आणि आराखडा करणाऱ्याने सर्वांत शेवटच्या नळापासून, सर्वांत खालच्या घरापासून सुरुवात केली तरच ते त्याला दिसतं.

गोवा पंचायत राज कायद्याप्रमाणे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये रविवारी सर्वसाधारण ग्रामसभा होते. येत्या सभेत आमच्या वाड्याकडून एक ठराव जाणार आहे. वाड्यावरची दोन मुलं फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकली आहेत. त्यांनी आमच्या डोंगराच्या पाण्याच्या वाटांचा नकाशा काढला आहे, झरी, पाट, व्हाळ, विहिरी आणि मानशींसकट. वरच्या कुठल्याही सर्व्हे नंबरच्या रूपांतराचा अर्ज आला तर त्या पाण्याच्या वाटेवरच्या प्रत्येक वाड्यात, देवळात, कपेलापाशी आणि रेशनच्या दुकानावर मराठी-कोंकणीत सूचना लागावी, पंचायतीने ना हरकत देण्याआधी त्या लोकांची सुनावणी घ्यावी, आणि एकाच डोंगरावरच्या साऱ्या अर्जांचा विचार एकत्र व्हावा, अशी मागणी आहे. कायद्याने हे पंचायतीवर बंधनकारक नाही हे आम्हाला ठाऊक आहे. पण इतर गावांनीही असे ठराव घेतले तर वरच्या कार्यालयांना ते वाचावे लागतील.

एका कलमावर मात्र अजून एकमत झालेलं नाही. व्हाळाच्या कडेला भाड्याच्या खोल्यांत राहणारी माणसं, बहुतेक कर्नाटकातून आणि झारखंडमधून आलेली, बांधकामावर आणि कारखान्यांत काम करणारी. त्यांची नावं इथल्या मतदार यादीत नाहीत, त्यामुळे ती ग्रामसभेची सभासद नाहीत. गेल्या पावसात सर्वांत आधी पाणी शिरलं ते त्यांच्या खोल्यांत. सुनावणीत त्यांनाही बोलू द्यावं असं मसुद्यात मी लिहिलं. काहींना ते पटलं, काहींना नाही. "वयनी, आज बोलायला दिलं तर उद्या जमीन मागतील," असं एका शेजाऱ्याने मला तोंडावर सांगितलं. ते माझ्या धाकट्या दिरासारखे आहेत, त्यांच्या वडिलांची जागा भाटकाराची होती आणि मुंडकार कायद्याने ती त्यांची झाली. मी त्यांना तेवढी आठवण करून दिली. ते उत्तर न देता निघून गेले, पण रविवारी संध्याकाळी मसुद्यावर सह्या घ्यायला माझ्याबरोबर फिरायला आले, आणि व्हाळाकडच्या खोल्यांच्या दारांवरही त्यांनीच टकटक केली. ते कलम मसुद्यात अजून आहे. सभेत त्यावर मतदान होईल.